रांगेचं तोंड

३ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरकडे जाऊन आलो. हिने हट्टच धरला. जिना चढताना मी मधल्या कठड्याला टेकून उभा राहतो, हे हिने म्हणे बरेचदा पाहिलं. कठडा टेकण्यासाठीच बांधलेला असतो, पण बायकोला कोण सांगणार!

डॉक्टर आमच्याच शाळेचा विद्यार्थी. सातवीत असताना मी 'डावीकडे वळ' म्हटलं की हा उजवीकडे वळायचा आणि शेजारच्याच्या नाकावर नाक आपटायचा. शेवटी मी त्याच्या डाव्या मनगटाला दोरा बांधला होता. आता तोच माझ्या छातीवर नळी टेकवून डावीकडे काय बिघडलंय ते मला सांगतो! म्हणाला, "सर, एक तपासणी करून घेऊ. तोवर चढ नको, दगदग नको."

मी म्हटलं, "आधी डावा हात दाखव."

त्याने बरोबर दाखवला, पण दाखवण्याआधी मनगटाकडे बघून घेतलं. अशा माणसाच्या हाती कोण आपलं काळीज देईल? तपासणीला जाणार नाही. छातीत होतं तो गॅस आहे. मी बत्तीस वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलंय, शरीर काय असतं ते मला पुस्तकातून वाचावं लागत नाही.

डोंगराची फेरी रद्द होणार नाही. निरोप समारंभात मी सगळ्यांसमोर बोलून बसलोय की या हिवाळ्यात पाचही शिखरांवरून धारेधारेने गोल फिरून, निघालो तिथे परत येईन. माझ्या जागी आलेला नवा मास्तर तेव्हा फिदीफिदी हसला होता. "या वयात, सर?" हा पोरांना गाणी लावून नाचवतो आणि त्याला कवायत म्हणतो. त्याला दाखवल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आज सकाळी बागेत सराव घेतला. माझ्याबरोबर येणारी रत्नं लिहून ठेवतो.

पहिला गोळ्या. माझा वर्गमित्र, औषधांचं दुकान चालवतो. खोकल्याच्या बाटल्या विकून विकून स्वतःला अर्धा डॉक्टर समजायला लागलाय. वासरांत लंगडी गाय शहाणी. हल्ली भेटला की माझं मनगट धरतो, "काय मास्तर, कसा आहेस?" म्हणतो आणि लगेच घड्याळाकडे बघत बसतो. एवढी घाई असेल तर माणसाने भेटायला येऊ नये.

दुसरा टाचणी. बायकांचे कपडे शिवतो. तोंडात सदा टाचण्या धरून धरून याची बोलायची सवयच गेली आहे. बरोबर आहे की मागे राहिला, ते वळून बघितल्याशिवाय कळत नाही. याची दोन्ही पोरं माझ्या हाताखालून गेली म्हणून मला 'अहो मास्तर' म्हणतो, तेवढी अक्कल त्याला आहे.

दोघांना रांग शिकवली. दोघांची रांग म्हणजे काय, असं बागेच्या रखवालदाराने विचारलं. मी त्यालाही उभा केला. डोंगरावर धुकं उतरलं की प्रत्येक गाढव आपापल्या डोक्याने चालायला लागतं आणि दरीत जातं. म्हणून माझा नियम सोपा आहे: रांगेचं तोंड जिकडे, तिकडे पुढे. मैदानावर धूळ उडो, नाहीतर पाहुण्यांचं भाषण लांबो, मान वर करून बघायचं कारण नाही. रांग ज्या दिशेला तोंड करून उभी असेल ती पुढची दिशा. हा नियम आजवर एकदाही चुकलेला नाही.

गोळ्या म्हणाला, "आणि रांगच चुकीची उभी असली तर?"

असले प्रश्न तो शाळेतही विचारायचा आणि बाकावर उभा राहायचा.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दुष्काळात तेरावा महिना. मेहुणा येतोय.

हिचा धाकटा भाऊ बसस्थानकावर घोषणा करतो. गाड्या उशिरा येणार आहेत हे सांगण्याचा पगार आयुष्यभर घेतोय. कामावरून उपाहारगृहापर्यंत जायचं तरी हा रिक्षा शोधेल. आणि काल अचानक घरी येऊन म्हणाला, "दाजी, मला पण डोंगर चढायचाय. लहानपणापासूनची इच्छा आहे."

मी म्हटलं, "लहानपणापासून तुझी एकच इच्छा होती, आणि ती जेवायची होती."

ही स्वयंपाकघरातून ऐकत होती. हसली नाही. गेले काही दिवस ही भांडतही नाही, जाऊ नका असं म्हणत नाही. उलट संध्याकाळी गोळ्याच्या दुकानात जाऊन बसते आणि उशिरा येते. विचारलं तर म्हणते, पाय दुखतात, मलम आणलं. मलम काही दिसलं नाही. साठी जवळ आली की बायकांना कुठेतरी जाऊन गप्पा मारायला लागतात.

१६ नोव्हेंबर, रविवार

मेहुण्याला 'मागे फिर' शिकवायला सबंध सकाळ गेली. उजव्या अंगाने फिरायचं असतं. हा डाव्या अंगाने फिरतो आणि मागच्याच्या अंगावर जातो. टाचणी तीन वेळा त्याच्याखाली सापडला. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. रखवालदाराची सातआठ वर्षांची पोरगी एका दमात शिकली.

परत येताना बागेच्या पायऱ्यांवर जरा गॅस धरला. बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून बसलो. गोळ्या शेजारी येऊन बसला. त्याच्या पायात चपला होत्या, तरी बसला.

२२ नोव्हेंबर, शनिवार, पहाटे

निघतोय. गाडी पायथ्याच्या वाहनतळावर सोडेल आणि अंधार पडायच्या सुमाराला न्यायला येईल. फेरीला पूर्ण दिवस लागतो. फोन बंद ठेवायचे असा मी हुकूम काढलाय. ही दारापर्यंत आली, मेहुण्याला म्हणाली, "लक्ष ठेव." त्याच्या चपळाईकडे बघून मला वाटतं ती मला म्हणाली असावी.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दवाखान्याच्या खाटेवरून लिहितोय. त्याचं कारण पुढे येईल आणि ते अगदीच फालतू आहे. महत्त्वाची गोष्ट पहिल्यांदा: फेरी पूर्ण झाली. पाचही शिखरं. माझ्या नेतृत्वाखाली.

सकाळी आकाश स्वच्छ होतं. वाहनतळाशी एक चहाची टपरी, तिथे तुटक्या कानाचा कुत्रा. चहा घेतला आणि रांगेने निघालो. मी पुढे, मग टाचणी, मग मेहुणा, शेवटी गोळ्या. धारेवर पोचलो तेव्हा आतली दरी डाव्या हाताला होती. दरी डाव्या हाताला धरून चालत राहायचं, गोल पुरा होतो, यात काही मोठं शास्त्र नाही. वारा उजव्या गालाला लागत होता.

दोन शिखरं झाली. दुसऱ्यानंतरच्या खिंडीत मी दगडांची एक खूण रचली. लगोरी रचावी तशी, मोठा दगड खाली, त्यावर त्याहून लहान, आणि टोकाला एक पांढरी गारगोटी. बघणाऱ्याला कळलं पाहिजे की इथून कोणीतरी शिस्तीचा माणूस गेला. तिघांना तिच्याभोवती उभं करून खूण कशी रचावी ते समजावलं. मेहुणा तेवढ्यात अंडी सोलत होता.

मग धुकं आलं. असं दाट की स्वतःचे बूट दिसेनात. तिसऱ्या शिखराच्या चढावर गॅसने उचल खाल्ली. छातीवर कोणीतरी शिवणयंत्र आणून ठेवलंय असं वाटलं. डावा हात काठीने भरून आला होता. काठी उजव्या हातात होती, पण शेवटी दोन्ही हात एकाच अंगाला जोडलेले असतात. घाम म्हणावा तर तो चढाचा. मी कुणाला काही बोललो नाही. तरी गोळ्या रांग मोडून पुढे आला. वर एक पत्र्याचा निवारा आहे, त्यात मला बसवलं आणि म्हणाला, "मास्तर, जीभ उचल."

"कशाला?"

"गॅसची गोळी आहे."

"जिभेखाली?"

"नवीन निघालीय. गप्प उचल."

त्याचा आवाज चढला होता. माझ्यावर! शिवाय खडूसारखी एक चघळायला दिली. गोळी कसली, डोकं मात्र सणकून उठलं. गॅस नंतर कमी झाला तो मला आलेल्या ढेकराने. मेहुणा निवाऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन, पत्र्याकडे तोंड करून, फोनवर कुजबुजत होता. ज्याच्या आवाजाने बसस्थानकातली कबुतरं उडतात तो कुजबुजतो कशाला? बायकोला घाबरत असेल. हुकूम मोडल्याबद्दल त्याला बोलायचं होतं, पण डोळा लागला.

जाग आली तेव्हा तिघं निवाऱ्याबाहेर रांगेत उभे होते. सांगायला बरं वाटतं की रांग सरळ होती. खांद्यामागे खांदा. मेहुण्याच्या पाठीवर माझीही पिशवी होती आणि त्याचं तोंड बाकीच्यांच्या दिशेलाच होतं, हे आयुष्यात पहिल्यांदा घडलं. रांगेचं तोंड जिकडे, तिकडे पुढे. मी जाऊन रांगेच्या टोकाला उभा राहिलो.

गोळ्याने विचारलं, "मास्तर, पुढे ना?"

"पुढे नाहीतर काय! चल!"

यानंतरचा भाग मी शाळेच्या स्नेहसंमेलनात सांगणार आहे. ज्या चौथ्या शिखराच्या चढाची एवढी दहशत, ज्याच्यावर म्हणे तरणीबांड पोरं बसून रडतात, ते निव्वळ उतारावर निघालं! लोकांना दोन पावलं चालायला नको, म्हणून डोंगराची बदनामी करतात. दरी डाव्या हाताला होतीच. धारेला दोन्हीकडे दरी असते, धुक्यात आतली कुठली ते कोण बघत बसतो! वारा आता डाव्या गालाला लागायला लागला. मेहुण्याला वाटलं असेल वारा फिरला. अरे, आपण गोल फिरतोय, तर वारा गाल बदलणारच.

टाचणी मध्येच रांग सोडून पुढे पळाला. म्हणे लघवीला. पुढच्या खिंडीत गाठ पडली तेव्हा तो दगडांच्या एका खुणेपाशी उभा होता. ती खूण बघून मला हसू आवरेना. कुठल्या तरी अडाण्याने रचली होती. माझी बघितली असावी आणि नक्कल करायला गेला असावा, पण नाचता येईना अंगण वाकडं. खालचा दगड डुगडुगत होता, वरचे तिरपे, टोकाला तर काहीच नाही. मी तिघांना थांबवून म्हटलं, "नीट बघून घ्या. ज्याला दगडावर दगड ठेवता येत नाही अशा माणसाने डोंगरावर येऊ नये."

मेहुण्याला खोकला आला. टाचणी खाली बघत होता. गोळ्या म्हणाला, "खरंय मास्तर. चल हळूहळू."

दर थोड्या वेळाने ते मला बसवत होते. कधी मेहुण्याचे पाय दुखायचे, कधी टाचणीच्या बुटात खडा जायचा. असली लटांबळं घेऊनही उरलेली दोन्ही शिखरं करून आम्ही दुपार कलायच्या आत खाली पोचलो. दिवसभराची फेरी निम्म्या वेळात! आणि पोचलो कुठे, तर बरोबर निघालो तिथेच. तीच टपरी, तोच तुटक्या कानाचा कुत्रा. गोल म्हणतात तो यालाच.

आश्चर्य म्हणजे गाडी आधीच येऊन उभी होती, मागची बैठक आडवी केलेली. तिथून मला घरी न्यायचं सोडून थेट दवाखान्यात आणलं. हा सगळा गोळ्याचा आगाऊपणा. ही दारात उभी होती, तिला कोणी कळवलं कोण जाणे. दोरेवाला डॉक्टरही तयारच होता. माझ्या रक्तवाहिनीत जाळीची स्प्रिंग बसवली म्हणे. गॅसला स्प्रिंग! मी विरोध केला असता, पण पाचही शिखरं करून माणूस दमतोच.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

घरी आलो. डॉक्टर म्हणाला, "सर, वेळेवर आलात. पुढे चढला असता तर काही सांगता येत नव्हतं." मी म्हटलं, "पुढे चढूनच आलोय." तो गोळ्याकडे बघायला लागला. डॉक्टरने दुकानदाराकडे बघावं, काय दिवस आलेत.

नवा मास्तर भेटायला आला होता. त्याला सगळं सांगितलं. चौथ्या शिखराचा उतार ऐकून म्हणाला, "उतार? सर, मी गेलोय तिथे. हातांनी धरून चढावं लागतं." मी म्हटलं, "गाणी लावून गेला असशील." स्नेहसंमेलनात दहा मिनिटं मागून घेतली आहेत. दगडांच्या त्या खुणेचा किस्सा शेवटी ठेवणार, हशा तिथे हमखास येतो.

४ डिसेंबर, गुरुवार

टाचणी आला होता. एकटा. एरवी गोळ्याच्या मागून येतो. खुर्चीच्या कडेवर बसला, तोंडात टाचणी नव्हती, तरी बराच वेळ बोलला नाही. मी त्याला भाषण वाचून दाखवलं. खुणेच्या जागी थांबून त्याच्याकडे बघितलं. हसला नाही.

म्हणाला, "मास्तर, शाळेत हे बोलू नका."

"का?"

"लोक हसतील. तुम्हाला."

मग कोटाच्या खिशातून त्याने काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. गारगोटी. पांढरी, एका बाजूला तांबूस डाग. माझ्या खुणेच्या टोकावरची.

मी म्हटलं, "असले दगड पैशाला पासरी मिळतात."

तो म्हणाला, "हो." पण दगड उचलला नाही. "घाईत काढली हो. तुम्ही मागून येत होतात. ओळखाल म्हणून बाकीचे दगड पण हलवले. तुमची खूण चांगली होती, मास्तर."

आणि गेला. एवढं तो आयुष्यात एका वेळी बोलला नसेल.

त्याच दिवशी, संध्याकाळी

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. तिघांना बोलावून घेतलं. ही पण बसली. चोरांची टोळी कशी दिसते ते एकदा नीट बघून घ्यायचं होतं.

मला फिरवलं. मला! रांगेच्या तोंडाने. माझ्याच नियमाने माझंच नाक कापलं. वाऱ्याचा गाल, हाताने न चढलेला चढ, माझीच खूण, आणि तिला मी हसलो. शेंबडं पोरसुद्धा एवढ्याला फसलं नसतं. मी त्यांना तोंडाला येईल ते बोललो. ढोंगी, भ्याड, माकडं. मेहुण्याला तर जास्तीच.

गोळ्या ऐकून घेत होता. मग म्हणाला, "संपलं? आता सांग. मी तुला म्हटलं असतं, मास्तर, मागे चल, तर आला असतास?"

"नाही."

"मग? त्या चढावर नेऊन तुला पुरायचं होतं का?"

"सरळ सांगायचंस."

"बागेच्या पायरीवर सांगितलं. दुकानात सांगितलं. डॉक्टरने सांगितलं, त्याला तू हात दाखवायला लावलास." त्याचा आवाज फाटला. "तुझी नाडी हाताला लागत नव्हती रे. तू झोपला होतास आणि मला ते झोपणं वाटत नव्हतं. या दोघांना रांगेत उभं करताना मी रडत होतो. धुकं होतं म्हणून दिसलं नाही."

बाकावर उभा राहणारा मुलगा. साठ वर्षांचा. त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी मेहुण्याकडे बघितलं. तो म्हणाला, "दाजी, मी ताईला शब्द दिला होता. परत आणतो म्हणून. मला दुसरं काय येतं? गाडी तेवढी वेळेवर बोलावली."

हिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मला काय माहीत नसतं?" म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली. आत गेल्यावर तिने बराच वेळ चहाच ठेवला नाही.

मला फार राग आलाय. तो माझा माझ्यावरच आहे, हे लिहायला लागतंय. मी मेलो असतो. हे आत्ता, लिहिताना कळतंय. डावा हात भरून आला होता, तोही त्यात काठी नसताना.

एक मात्र मान्य करायला हवं. रांग सरळ होती.

१४ डिसेंबर, रविवार

स्नेहसंमेलनाला गेलो नाही. नव्या मास्तरला निरोप पाठवला की फेरी अर्धी झाली. तो घरी आला. मला वाटलं दात काढेल, पण म्हणाला, "सर, उरलेली पुढच्या वर्षी करू. मी पण येतो." त्याला म्हटलं, गाणी घरी ठेवून येणार असशील तर बघू.

डॉक्टरने चालायची परवानगी दिलीय. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आणि परत, तेही सपाट रस्त्यावर. आज पहिला दिवस. तिघंही दारात हजर. चौघं म्हातारे रांगेत गल्लीतून निघालो तसं खिडक्यांतून लोक बघायला लागले. ही वरून बघत होती. दिसू नये म्हणून पडद्याआड उभी होती, पण पडदा तिच्या उंचीचा नाही.

कोपरा आला. पलीकडे रस्ता पुढे जात होता, टेकाडासारखा किंचित वर चढत. पाय अगदी नीट होते, छातीत काही नव्हतं. मी थांबलो. मागे तिघंही थांबले. गोळ्याचा श्वास ऐकू येत होता. टाचणी मेहुण्याकडे बघत असणार, मेहुणा गोळ्याकडे. आता याला कसं फिरवायचं, हाच विचार तिघांच्या डोक्यात. मला मागे वळून बघायची गरज नव्हती.

खिशात गारगोटी होती. ती मुठीत धरली. मग छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा हुकूम दिला:

"मागे... फिर!"

गोळ्या फिरला. टाचणी फिरला. मेहुणा डाव्या अंगाने फिरला आणि टाचणीच्या अंगावर गेला. गाढव ते गाढवच.